दोन पाळ्यांची वही

मला स्वतःला पाळीचा म्हणावा असा त्रास कधी झालाच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लेकीच्या बाबतीत पुढे जे झालं त्यात माझ्या अनुभवाचा काडीचा उपयोग नव्हता. आईला वाटतं, निदान या एका विषयात तरी आपल्याला कुणी शिकवायला नको. पोट का दुखतं, पॅड किती वेळाने बदलायचं, शाळेत अचानक आली तर काय करायचं, हे सगळं तिची पाळी सुरू व्हायच्या आधीच आमचं बोलून झालं होतं. पहिली पाळी आली तेव्हा ती माझ्यापेक्षा शांत होती. मनाचा विषय त्या बोलण्यात नव्हता, कारण माझ्या मनाला पाळी कधी लागलीच नव्हती.

पहिली काही वर्षं बरी गेली. पंधरावं लागलं आणि मग महिन्यातले काही दिवस घरात कुणीतरी वेगळीच मुलगी राहायला येऊ लागली. दार लावून बसायची, साध्या प्रश्नाला डोळे भरून यायचे, ‘मला काहीच जमत नाही’ हे पालुपद. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत पुन्हा मोठ्याने गाणी, धाकट्याशी मारामारी, सगळं जिथल्या तिथे. घरातल्या मोठ्यांची मतं तयारच होती. ‘वयच तसं आहे.’ ‘आम्हालाही यायची की पाळी, आम्ही नाही कधी असले तमाशे केले.’ हे दुसरं वाक्य माझ्यापुरतं तर शंभर टक्के खरं होतं, पण त्याने तिला काय मिळणार होतं?

डॉक्टरांकडे जायचा विषय तिनेच काढला. म्हणाली, “आई, मी आळशी नाहीये. दर वेळी पाळीच्या आधीच असं होतं. कुणाला तरी विचारू या का?”

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी दोघींना समोर बसवून विचारलं, मग मला बाहेर थांबायला सांगितलं. त्या वयाच्या मुलीशी काही वेळ एकटीशी बोलायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत. बाहेरच्या खुर्चीवर बसल्यावर जरा डिवचल्यासारखं झालं, हे खरं. पण आईसमोर सोळाव्या वर्षाकडे निघालेली मुलगी किती खरं बोलेल याचा विचार केला आणि गप्प बसले.

मला वाटलं होतं हार्मोनची रक्ततपासणी होईल, काहीतरी कमी-जास्त निघेल, गोळी मिळेल. बाई म्हणाल्या, या त्रासासाठी तशी तपासणी उपयोगाची नसते, कारण त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांमध्ये हार्मोनची पातळी साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या चढउताराला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात. नंतर मी याबद्दल वाचलं. १९९८ साली पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. औषधाने अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवलं आणि मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं. ज्यांना आधीपासून पाळीपूर्व त्रास होता त्यांच्यात लक्षणं परत आली. ज्यांना तो कधीच नव्हता त्यांच्यात तेच हार्मोन देऊनही काही झालं नाही. हे वाचल्यावर ‘आम्हाला कसं नाही झालं’ या प्रश्नाचं उत्तर एकदाचं मिळालं. आमचं शरीर वेगळं, इतकंच. त्यात कुणाची कर्तबगारी नाही आणि कुणाचं नाटकही नाही.

तर गोळीऐवजी गृहपाठ मिळाला. सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद ठेवा, मग बोलू. पाळीपूर्व त्रास, म्हणजे ज्याला सगळे पीएमएस म्हणतात, तो वेगळा आणि त्याचं तीव्र रूप, पीएमडीडी, वेगळं. पीएमडीडीला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत २०१३ साली स्वतंत्र जागा मिळाली. अकरा लक्षणांपैकी निदान पाच हवीत, त्यातलं किमान एक मनःस्थितीचं हवं, ती पाळीच्या आधीच्या आठवड्यात दिसून पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरायला हवीत आणि शाळा, नाती, रोजची कामं यांत त्यांनी खरोखर अडथळा आणायला हवा. आणि हे सगळं आठवून सांगून चालत नाही. किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदींनी ते पक्कं करावं लागतं.

आठवणीवर का भरवसा नाही, हे मला सुरुवातीला पटलं नव्हतं. पटलं ते १९७७ सालचा एक प्रयोग वाचून. डायान रूबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही विद्यार्थिनींना सांगितलं, की नव्या तंत्राने तुमच्या पाळीची तारीख आधीच कळते. मग काहींना ‘एक-दोन दिवसांत येईल’ म्हणून सांगितलं आणि काहींना ‘अजून आठवडाभर तरी अवकाश आहे’. प्रत्यक्षात सगळ्या चक्राच्या साधारण सारख्याच टप्प्यावर होत्या. तरी ‘आता येईल’ असं ऐकलेल्या मुलींनी दुखणं, अंगाला सूज असली लक्षणं जास्त सांगितली. म्हणजे त्रास खोटा असतो असं कुणी यातून काढू नये. पण पाळी जवळ आहे असं मनात ठसलं की आपण त्याच चष्म्यातून बघतो. बघणाऱ्या आईलाही तोच चष्मा लागतो.

म्हणूनच मोबाइलमधलं अॅप तिने नको म्हटलं याचा मला आनंद झाला. तिचं कारण वेगळं होतं. असली माहिती कुणा कंपनीकडे कशाला द्यायची, असं तिचं म्हणणं, आणि ते योग्यच आहे. माझं कारण असं, की बरीचशी अॅप्स पुढची तारीख आधीच वर्तवतात, ‘आजपासून मूड बदलू शकतो’ वगैरे सूचना पाठवतात. आणि किशोरवयात चक्रच इतकं मागेपुढे होतं की ती भाकितं वाऱ्यावरची.

वही तिची, पेन तिचं, कपाटाची किल्लीही तिचीच. रोज झोपायच्या आधी दहा-अकरा गोष्टींना १ ते ६ असे आकडे द्यायचे: १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाचं. उदासी, काळजी, चिडचिड, रडू, लक्ष न लागणं, थकवा, झोप, भूक, छाती जड वाटणं, पोटदुखी. रक्तस्राव किती, पॅड किती बदलले, गाठी पडल्या का. एक रकाना तिने स्वतःहून वाढवला: ‘आज काय घडलं’. पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याच रकान्याचा.

बाईंनी मलाही एक कागद ठेवायला सुचवलं होतं, तिची हरकत नसेल तरच. तिने अटी घातल्या. मी फक्त बाहेरून दिसतं ते लिहायचं. चिडली, रडली, बोलली, उशिरा उठली. अंदाज लिहायचे नाहीत. आणि शेवटपर्यंत कुणी कुणाचं वाचायचं नाही. मी सही केली. खरोखरची सही घेतली तिने.

नोंदी ठेवणं हे अतिशय कंटाळवाणं काम आहे, याची कुणी कल्पना देत नाही. पहिल्या आठवड्यातला उत्साह ओसरला की रात्री पेंगत पेंगत सगळीकडे २-२-२ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. राहिलेला दिवस दुसऱ्या दिवशी आठवून भरायचा नाही, कोरा सोडायचा, असं बाईंनी बजावलं होतं. तिच्या वहीत बरेच कोरे दिवस होते. मी आठवण करायची नाही, हेही ठरलं होतं, आणि ते पाळणं मला जड गेलं.

त्यात पाळी लांबली. आकडे रिकामेच पुढे सरकत राहिले आणि घरात एक वेगळीच काळजी सुरू झाली. बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, की पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचं चक्र सर्वसाधारण धरतात. या वयात काही वेळा अंडं सुटतच नाही, तरी रक्तस्राव होतो. आणि पाळीपूर्व त्रास सहसा अंडं सुटल्यानंतरच्या टप्प्याशी बांधलेला असतो. त्यामुळे एखाद्या महिन्यात खूप होतं, एखाद्या महिन्यात काहीच नाही, हे मुलींच्या बाबतीत सहज होऊ शकतं. ‘गेल्या वेळी तर काही नव्हतं, या वेळी कसं झालं’ असं म्हणून मुलीवर संशय घेणाऱ्यांनी हे ऐकावं. आमची पहिली नोंद अशीच सपाट निघाली. दोन पाळ्यांची वही आणखी एका पाळीपर्यंत चालवावी लागली.

या मधल्या काळातली एक रात्र सांगायला हवी. पाळीच्या आधीचे दिवस असावेत असा माझा अंदाज होता, पण तो लिहायला बंदी होती. ती स्वयंपाकघरात आली, पाणी प्यायली आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “मी नसते तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.” असं काही कानावर आलं तर सरळ विचारा, असं बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. थेट विचारल्याने तो विचार मुलीच्या डोक्यात भरतो, ही निव्वळ भीती आहे; उलट विचारलं की बोलायला वाट मिळते. तरी तो प्रश्न तोंडातून बाहेर काढणं मला फार अवघड गेलं. “तुला मरावंसं वाटतं का? स्वतःला काही करावंसं?” ती बराच वेळ थांबली. “मरायचं नाहीये. फक्त हे दिवस नको वाटतात.” कसं करायचं याचा काही विचार केलास का, हेही विचारलं. नाही म्हणाली. त्या रात्री मी तिच्या खोलीत झोपले आणि सकाळी पहिला फोन बाईंना लावला. तिचं उत्तर वेगळं असतं, काही बेत असता किंवा तिने स्वतःला इजा केलेली असती, तर सकाळचीसुद्धा वाट बघायची नसते. मग वही बाजूला ठेवून त्याच क्षणी मदत गाठायची. बाईंनी त्याच आठवड्यात तिची समुपदेशकाशी गाठ घालून दिली. वही मात्र चालूच राहिली.

शेवटी दोघींचे कागद जमिनीवर पसरून बसलो. लेकीने चक्राच्या टोकाकडून उलटं मोजत दिवसांना नंबर दिले. पाळीच्या आदला दिवस उणे एक, त्याच्या आधीचा उणे दोन. उलटं का, तर चक्र लांबतं-आखडतं ते मुख्यतः अंडं सुटायच्या आधीच्या भागात. त्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ त्या मानाने बराच ठरलेला, साधारण दोन आठवड्यांचा.

ज्या दिवशी मी ‘शांत होती’, ‘लवकर झोपली’ असं लिहिलं होतं, त्यातल्या कितीतरी दिवशी तिच्या वहीत उदासीला ५ आणि रडूला ५ होते. आणि मी ‘खूप चिडली, दार आपटलं’ लिहिलं त्यातले बरेच दिवस पाळीच्या आसपासचे नव्हतेच. तिचे पाळीपूर्व दिवस आवाज न करणारे होते. घराला जाणवत होता तो राग वेगळ्याच ठिकाणाहून येत होता. कुठून, ते ‘आज काय घडलं’च्या रकान्यात लिहिलं होतं. मैत्रिणींचा जो गट, त्याने तिला गेले काही महिने हळूहळू बाजूला सारलं होतं. एका मैत्रिणीचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. ‘मला सोडून ठरवलं.’ ‘विचारलं तर हसल्या.’ चक्राच्या मधल्या, एरवी बऱ्या जाणाऱ्या दिवसांतही चिडचिड ४, आणि शेजारी ही अशी ओळ.

म्हणजे प्रश्न दोन होते. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस खरोखर अंधारे जात होते. आणि मैत्रिणींमुळे होणारी घुसमट महिनाभर होती, ती त्या दिवसांत असह्य होत होती इतकंच. सगळं ‘हार्मोन’च्या खात्यावर टाकलं असतं तर दुसरा प्रश्न तसाच राहिला असता, आणि सगळं ‘मैत्रिणींची भांडणं’ म्हटलं असतं तर पहिला.

बाईंनी वही पानन् पान पाहिली. पीएमडीडीचे निकष पूर्ण होत नाहीत, पण पाळीपूर्व त्रास नक्की आहे, असं त्यांचं मत पडलं. त्यांची नजर मात्र आम्ही दुर्लक्षलेल्या रकान्यावर अडकली. रक्तस्राव सात दिवसांच्या वर जात होता, पहिल्या दोन दिवसांत पॅड तास-दीड तासात भिजत होतं, गाठी पडत होत्या. तिला वाटत होतं सगळ्यांचं असंच असतं. तुलना कुणाशी करणार? तपासणीत हिमोग्लोबिन किंचित कमी निघालं, पण शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन फारच खाली होतं. लोह कमी असलं की थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड हे सगळं त्यातूनही येतं. रक्त गोठण्याचा जन्मजात दोष नाही ना, म्हणून व्हॉन विलेब्रांडची तपासणीही झाली, कारण पहिल्या पाळीपासून जास्त जात असेल तर ती शंका घ्यावी लागते. ती तपासणी सुदैवाने ठीक आली.

उपचार म्हणाल तर साधे. लोहाच्या गोळ्या. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, पण दुखणं शिगेला पोचल्यावर घ्यायची नाही. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनीच कळा येतात, आणि ही गोळी ती तयार होणंच कमी करते. म्हणून सुरुवातीलाच, पोटात काहीतरी घालून. दमा, पोटातला व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. पोटावर शेक. झोप, जी या वयात आठ ते दहा तास हवी आणि कुठल्याच घरात होत नाही. यावरून आमचं अजूनही रोज वाजतं. एवढ्याने भागलं नाही तर पुढे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं किंवा हार्मोनच्या गोळ्या यांचा विचार करता येतो, हे बाईंनी तिलाच समजावून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

घरात काय बदललं? भांडणाच्या मध्ये ‘पाळी जवळ आलीये का?’ असं विचारायचं नाही, हा पहिला नियम. बाबालाही लागू, आजीलाही. धाकट्याला इतकंच सांगितलं, की ताईच्या पोटात दुखतं आणि काही दिवस तिला एकटं बसावंसं वाटतं. त्यापुढचं काय सांगायचं ते ती ठरवेल. बाबाने शेकायची पिशवी गरम करून द्यायचं काम आपल्याकडे घेतलं. पहिल्यांदा दिली तेव्हा तिच्यापेक्षा तोच जास्त अवघडला होता. मोठे निर्णय, गुणांवरची चर्चा, खोली आवरण्यावरचं भाषण, हे शक्यतो त्या दिवसांत काढायचं नाही. पण सूटही सरसकट नाही. धाकट्याला लागेल असं बोललं तर पाळी असो वा नसो, माफी मागायची. हे कलम तिनेच घातलं, कारण तिला ‘बिचारी’ व्हायचं नव्हतं.

तिचं एक म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वाईट दिवसांतल्या एका संध्याकाळी ती मला म्हणाली होती, की तू माझं ऐकत नाहीस, लगेच उपाय सांगत सुटतेस. मी ते मनाशी ‘ते दिवस आहेत’ म्हणून बाजूला ठेवलं. पाळी येऊन गेली, हसतीखेळती झाली, आणि एके दिवशी अभ्यासाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाली, “ते मी त्या दिवशी बोलले ना, ते आत्ताही खरंच आहे. पाळीच्या आधी बोललं म्हणजे खोटं बोललं असं नसतं. एरवी मी ते गिळते, तेव्हा गिळता येत नाही.” मला यावर लगेच एक उपाय सुचला होता. सांगितला नाही.

मैत्रिणींचा प्रश्न सुटलेला नाही, पण समुपदेशकाकडे त्यावर बोलणं सुरू आहे आणि वर्गाबाहेरची एक नवीन मैत्रीण अधूनमधून घरी येते. थकवा बराच कमी झालाय. पाळीच्या आधीचे दिवस अजून येतात. उदासीला ५ ऐवजी ३ पडतो, कधी ४. रोजची वही आता बंद आहे, फक्त तारखा आणि पॅडची संख्या. पुढच्या भेटीसाठी तिने स्वतःचे प्रश्न लिहून ठेवलेत. मला दाखवले नाहीत. त्यातला एक माझ्याबद्दल आहे, एवढं मात्र सांगून ठेवलंय.